नव्वद ग्रॅमची वेणी

आमच्या ओट्याखाली जुन्या वर्तमानपत्रांची चळत असते. भाजी निवडायला, कपाटात अंथरायला, पापड वाळवायला कागद लागतातच, म्हणून मी ती सगळी रद्दीत घालत नाही. २०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी मेथी निवडायला त्यातला एक कागद ओढला, तर घडीतून काहीतरी मऊ माझ्या पायावर पडले. मी ओरडलेच. उंदीर असेल असे वाटले. पाहते तर वेणी! तीन पेडांची, खाली लाल रबर तसेच. आदल्या रविवारी मीच तेल चोपडून घातलेली, माझ्या लेकीची वेणी.

लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. ती न्हाणीघरातून डोक्याला टॉवेल गुंडाळून आली आणि माझ्या हातात वेणी बघून जागीच उभी राहिली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आई, शंभर ग्रॅम कमी करायचे होते. विनेशने पण कापले होते."

काय बोलावे तेच सुचेना. आवाज ऐकून सासूबाई आल्या. त्यांनी टॉवेल ओढला. मानेपाशी कात्रीने कसेबसे कातरलेले केस बघून त्या मटकन खालीच बसल्या. "ह्यो काय केलास गो बाय! पोरगी हायस का पोऱ्या?"

ती शाळेत गेल्यावर मी एक वेडेपणा केला. केकसाठी घेतलेला छोटा काटा काढला आणि त्यावर ती वेणी ठेवली. भरली नव्वद ग्रॅम.

आता मुळापासून सांगते. बाहेरच्यांना महापे म्हटले की एमआयडीसी, काचेच्या इमारती आणि शीळफाट्याकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग एवढेच आठवते. पण त्या सगळ्याच्या पोटात आमचे गाव आहे, आणि या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांत कबड्डीचे वेड पिढ्यान्‌पिढ्यांचे. पावसाळा सरला की मैदानावर दिवे लागतात, लाउडस्पीकर लागतो आणि रात्री बारापर्यंत चढाया चालतात. माझे माहेर कराडकडचे, तिथे कुस्तीचे वेड. म्हणजे दोन्हीकडून लेकीच्या अंगात मातीच. सहावीपासून ती खेळायला लागली. उजव्या कोपऱ्याला खेळते. चढाई करणारीचा पाय धरून ठेवणे हे तिचे काम, आणि ते काम करायला मांड्या आणि कंबर मजबूत लागते. तिची आहे.

कबड्डीत वजनाची अट असते हे माझ्यासारख्या बघणाऱ्या बायकांना बहुधा ठाऊकच नसते. आपल्याला वाटते, वजन कुस्तीत आणि बॉक्सिंगमध्ये करतात. पण किशोरी गटात वयाची मर्यादा सोळा आणि वजनाची पंचावन्न किलो. त्यापुढे कुमारी गट, वीस वर्षांपर्यंत आणि पासष्ट किलोपर्यंत. सामन्याआधी पंच काटा मांडून बसतात. पोरी रांगेत उभ्या. कुणी पैंजण काढते, कुणी केसांचे चाप. काटा जरा पुढे गेला की ती पोरगी मैदानाला फेऱ्या मारायला पळते, घाम काढून परत रांगेत. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला गंमत वाटली होती. खरे सांगते, मी हसले होते.

आमची लेक त्या दिवाळीत साडेछप्पन्न किलो होती. निवड चाचणी तीन आठवड्यांवर. तिला शिकवणाऱ्या सरांनी सांगितले, दीड किलो उतरव. कसे ते त्यांनी सांगितले नाही, की सांगितले ते तिने आम्हांला सांगितले नाही, देव जाणे. एवढे मात्र आता जुळवून बघितल्यावर कळते, की फराळाचे ताट तिने नुसते फिरवले होते. डब्यातल्या पोळ्या परत येत होत्या, आणि मी "मैत्रिणींचे खाल्ले असेल" म्हणून गप्प बसले. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती रेनकोट घालून पळायला जायची. "सर्दी झालीय" म्हणाली. मी आठवड्यातून तीन दिवस चाळीस-चाळीस मुलींच्या वर्गापुढे उभी राहते. कुणाच्या डोळ्यांत झोप आहे, कुणाचे घरी बिनसले आहे, हे मला पाठमोऱ्या मुलीवरूनही कळते. आणि माझ्याच घरातले मला कळले नाही!

त्या दिवशी रात्री तिच्याजवळ जाऊन झोपले. अंधारात मुली बोलतात. वेणीचे झाले, पाणी कमी पिण्याचे झाले, आणि मग सहज, अगदी आनंदाने सांगावे तसे ती म्हणाली, "आणि आई, दोन महिने पाळी पण नाही आली. बरंच झालं ना! नाहीतर तेव्हा वजन वाढतं."

माझ्या छातीत धस्स झाले.

दुसऱ्या दिवशी कोपरखैरण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी आधी तिला बाहेर न बसवता माझ्या शेजारीच बसवले, हे मला आवडले. त्यांनी जे सांगितले ते मैत्रिणींनो, तुमच्याही घरात खेळणारी किंवा नाचणारी मुलगी असेल म्हणून नीट लिहिते. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते, त्याचे फार घेऊ नये. पण चांगली नियमित झालेली पाळी जेवण तोडल्यावर आणि व्यायाम वाढवल्यावर थांबली, तर ते शरीराने लावलेले कुलूप आहे. कष्टाला पुरेल इतके अन्न येत नाही असे दिसले की शरीर आधी जे टाळता येईल ते टाळते, आणि मुलीच्या शरीराला पाळी टाळता येते. पाळीबरोबर हाडांना बळ देणारे संप्रेरकही कमी होते. हाडे भरायची वर्षे हीच. आता जे भरले नाही ते पुढे पस्तिशीत दूध पिऊन भरून निघत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या दुखण्याला स्वतंत्र नावच दिले आहे. मुलगेही त्यातून सुटत नाहीत, पण मुलींना पाळीमुळे निदान एक घंटा तरी वाजते, फक्त ती ऐकणारे कुणी हवे.

"आणि पाळीच्या आधी वजन वाढते ते?" लेकीने विचारले.

"ते पाणी असते. पाळीच्या आधी शरीर पाणी धरून ठेवते. एखादा किलो सहज. चार दिवसांनी आपोआप जाते. ती चरबी नव्हे आणि तुझा आळसही नव्हे."

लेक गप्प बसली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "मग विनेशचं पण तेच झालं असेल का?"

७ ऑगस्ट २०२४ तुम्हांला आठवत असेलच. आदल्या दिवशी पॅरिसमध्ये पन्नास किलो गटात विनेश फोगटने लागोपाठ तीन कुस्त्या मारल्या होत्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकीशी, जी तोवर आंतरराष्ट्रीय मैदानात कधी हरलीच नव्हती. आम्ही सगळे दूरदर्शनसंचापुढे नाचलो. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. त्या सकाळी तिचे वजन ४९.९ किलो होते. दिवसभर लढली, त्यापुरते खाल्ले-प्यायले, आणि संध्याकाळी काटा ५२.७ वर गेला. मग रात्रभर ती पळाली, वाफेत बसली, घोट पाणी नाही. शेवटी केस कापले, कपडे आखूड केले. सकाळी भरली पन्नास किलो शंभर ग्रॅम. सुवर्णपदकाची कुस्ती गेली ती गेलीच, आदल्या दिवशी जिंकलेल्या तिन्ही कुस्त्याही पुसल्या गेल्या.

तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. शंभर ग्रॅम म्हणजे शरीरातल्या पाण्याचा खेळ आहे, पाळीच्या आधीच्या दिवसांत बाईच्या अंगात पाणी साठते, असेही त्यात मांडले होते. १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला. नियम सगळ्यांना सारखा, असा त्याचा अर्थ. कायद्याने ते बरोबरच असेल. एकीला शंभर सोडले तर दुसरी दोनशे मागेल, हे मलाही कळते. गृहपाठाच्या वह्या घेताना मीही हेच म्हणते. पण ज्या काट्याला महिन्याचे दिवस ठाऊक नाहीत, त्या काट्यापुढे बाई उभी आहे हे तरी कुणी पहिल्यांदा मोठ्या दरबारात बोलून दाखवले, याचे मला बरे वाटले.

आणि फार कमी जणींच्या लक्षात असेल, त्याच ७ ऑगस्टला रात्री मीराबाई चानू ४९ किलो गटात वजन उचलायला उतरली होती. तिने एकूण १९९ किलो उचलले, तिसरी आलेलीने २००. एका किलोने पदक गेले. खाली उतरल्यावर तिने सांगितले, पाळीचा तिसरा दिवस होता, थकवा होता. सहज सांगितले, जसे एखादा खेळाडू गुडघा दुखत होता म्हणून सांगतो. आमच्या वेळी हा शब्द आम्ही वडिलांसमोर उच्चारत नव्हतो. आमचे हे तेव्हा खोलीत होते. त्यांनी पेपर उघडला आणि तोंड त्याच्या आड केले. पण उठून गेले नाहीत, हेही नोंदवून ठेवते.

आता कुणी म्हणेल, वजनाचा जाच काय बायकांनाच आहे? नाही. पॅरिसलाच कांस्यपदक मिळवणाऱ्या अमन सेहरावतने दहा तासांत ४.६ किलो उतरवले होते, आणि पुढल्या वर्षी जागतिक स्पर्धेत त्याचेच वजन १.७ किलो जास्त भरून तो बाहेर गेला. पुरुषांची होरपळ कमी नाही. पण मुलाने वजन उतरवले तर घरात त्याला "सुकलास रे" म्हणतात आणि दुधाचा पेला पुढे करतात. मुलीने उतरवले तर "आता कशी छान दिसतेस" म्हणतात. लेक जेवत नव्हती त्याच दिवाळीत भाऊबिजेला आलेल्या नणंदेने तिची तारीफ केली होती, "चेहरा बघ किती रेखीव झालाय!" तिचा तरी काय दोष? मीही मनातून सुखावले होते.

इथे मला माझेच खाते उघडावे लागते. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा पोहे खाता खाता एका काकांनी विचारले होते, "वजन किती?" आईने झटकन अठ्ठेचाळीस सांगितले. होते चौपन्न. ती सहा किलोंची लबाडी मी अंगावर घेऊन सासरी आले आणि दोन बाळंतपणांनंतरही ती फेडते आहे. रोज आरशापुढे साडी नेसताना "पोट सुटलं बाई" हे वाक्य मी म्हणते. लेक ते जन्मापासून ऐकत आली. गुरुवार मी देवासाठी धरते असे सांगते, पण खरे कारण देवालाही ठाऊक आहे. आणि रागावू नका, पण आपल्याच या साप्ताहिकांच्या पानांवर एकीकडे अनारशांची कृती आणि समोरच्या पानावर पंधरा दिवसांत कंबर कमी करायचा सल्ला, हे मी दोन्ही कात्रणे काढून एकाच वहीत चिकटवलेले आहे. तेव्हा काट्याची भीती लेकीला मैदानावर लागली असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

मैदानाने उलट तिला दुसरेच काही दिले होते. तिच्या ज्या मांड्यांमुळे मावसबहिणीच्या लग्नात चनियाचोळी बसली नाही आणि ती रडली, त्याच मांड्यांचे गावातले जुने खेळाडू कौतुक करायचे. "पकड बघा पोरीची!" रस्त्यात पोरे तिला "पैलवान" म्हणून चिडवायची. मैदानात तेच नाव मानाचे होते. रात्री ती मला म्हणाली होती, "आई, खेळताना मला माझं अंग आवडतं. घरी आलं की परत नको वाटतं." चौदा वर्षांच्या पोरीने हे बोलावे! आणि मग एक दिवस मैदानावरही काटा आला, आणि जी एक जागा तिची होती तिथेही तिचे अंग जास्त ठरले. मला वाटते, वेणी तिने त्या दिवशी कापली.

आमच्या महाप्याहून शीळफाट्याला वळले की सरळ रस्ता कल्याणला जातो. त्या कल्याणात एक बाई राहून गेली, हमीदा बानू. मूळची उत्तर प्रदेशची, १९४० आणि ५० च्या दशकांत पुरुषांशी कुस्त्या खेळायची. १९५४ साली बडोद्यात बाबा पहिलवानाला तिने एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. "मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा" असे तिचे आव्हान असायचे. तिची बातमी छापताना वर्तमानपत्रे तिचे वजन एकशे आठ किलो, उंची पाच फूट तीन इंच, आणि ती रोज किती दूध, किती अंडी, किती मटण खाते याची यादी देत. डाव कोणता मारला ते कमीच. पुण्यात तिची कुस्ती रद्द करायला लावली, कोल्हापुरात पुरुषाला हरवले म्हणून लोकांनी दगड मारले. तिने मोरारजी देसाईंकडे तक्रार केली, तेव्हा बाई म्हणून बंदी नाही, लुटुपुटीचे मल्ल पुढे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून, असे उत्तर आले. खरेखोटे त्या मातीला माहीत. पुढे युरोपात लढायला जायचे घाटत होते, ते घरच्यानेच मारून मोडून थांबवले असे तिच्या नातवाने सांगितले आहे. मग ती कल्याणला दूध विकायची, शेवटी शेवटी रस्त्यावर खाण्याचे पदार्थ. १९८६ साली गेली. आमच्या सासूबाईंचे माहेर कल्याणजवळचे. त्यांना विचारले, तर आठवत नाही म्हणाल्या. दूधवालीचे नाव कोण विचारतो?

तिच्या काळी तिला वजनगटच नव्हता. बाई म्हणून जोडच नाही, तर गट कुठला? आज मुलींना गट आहेत ही केवढी मोठी गोष्ट! ऑलिंपिकमध्ये बायकांचे वजन उचलणे आले २००० साली, कुस्ती २००४ साली, बॉक्सिंग तर २०१२ ला. त्या लंडनमध्येही पुरुषांना दहा वजनगट आणि बायकांना तीन. मेरी कोम मुळात अठ्ठेचाळीस किलोची. तिचा गटच नसल्याने तिला एक्कावन्नात मोठ्या चणीच्या मुलींशी लढावे लागले. दोन जुळ्या मुलांची आई ती, कांस्यपदक घेऊन आली. त्याच्या आदल्या वर्षी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने एक शोध लावला होता, बायकांनी रिंगणात स्कर्ट घालावा, म्हणजे बघणाऱ्यांना बाई कोण ते कळेल! पुष्कळ ओरड झाल्यावर ते ऐच्छिक केले. ठोसा मारणारी बाई आहे हे पटवायला झालर लावायची, आणि माझ्या सासूबाईंना वेणी हवी. फरक तो काय?

असो. विषय लेकीचा.

रविवारी आम्ही दोघे सरांना भेटायला गेलो. मी भांडायच्या तयारीने गेले होते. सर तसे वाईट नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, वजनाची अट नसती तर तुमच्या पोरीपुढे सत्तर किलोची पोरगी उभी राहिली असती. अट तिच्याच भल्याची आहे." हे मला पटले, आणि त्याने माझी थोडी पंचाईत झाली. मग मी एवढेच विचारले, की चौदाव्या वर्षी मुलीचे अंग भरते ते नियमाला कळत नसेल, पण तुम्हांला तर कळते? ती सहा महिन्यांपूर्वी त्रेपन्न होती, आज साडेछप्पन्न आहे, कारण ती एवढ्यात दोन बोटे वाढली. या मुलीला किशोरीत बसवायला तिची वाढ अडवायची, की ती वाढली म्हणून तिला पुढच्या गटात घ्यायचे? सर म्हणाले, कुमारी गटात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरी असतात, ही वर्षभर बाकावर बसेल. जिल्ह्याच्या संघात यंदा तरी नाही येणार.

तिथे आमच्या ह्यांचा चेहरा पडला. बापाला ती जिल्ह्याची जर्सी हवी होती. मलाही हवी होती. खोटे कशाला बोलू? शाळेतल्या बायकांना सांगून ठेवले होते मी.

निर्णय लेकीवर सोडला असे मी लिहिले तर छान दिसेल, पण तसे झाले नाही. मी ठरवले. चौदाव्या वर्षी दोन महिने पाळी बंद असलेल्या मुलीला काय विचारायचे? ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिची जोडीदार मैत्रीण, डावा कोपरा, किशोरीत निवडली गेली. तिनेही पाणी तोडले होते, हे मला माहीत आहे. तिच्या आईला मी सांगायला गेले. ती दारातच म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीचं झालं नाही म्हणून माझ्या पोरीच्या पायात कशाला येता?" मी परत आले. अजून ते मला टोचते. मी नीट सांगितले नाही की तिने नीट ऐकले नाही, कोण जाणे.

लेकीचा राग गेला तो खाशाबांमुळे. माझ्या माहेराहून जवळ गोळेश्वर, खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आणले, ते सत्तावन्न किलोच्या गटात. त्याच्या आधी १९४८ ला लंडनमध्ये ते बावन्नच्या गटात खेळले होते. मी तिला म्हटले, "बघ, चार वर्षांत पैलवान गट चढला, आणि वरच्या गटात पदक मिळालं." ती काट्यावर उभी राहिली. सत्तावन्नला थोडे कमी. "म्हणजे मी आणि खाशाबा सेम?" म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली.

याच्या उलटही असते, तेही तिला दाखवले. वडगाव मावळची हर्षदा गरुड २०२२ साली ग्रीसमध्ये ज्युनिअर जगज्जेती झाली, वजन उचलण्यात अशी पहिली भारतीय, ती पंचेचाळीस किलो गटात. तिने एकूण १५३ किलो उचलले. म्हणजे लहान चणीही वाईट नव्हे आणि मोठीही नव्हे. विनेशच बघा, रिओला अठ्ठेचाळीस, टोकियोला त्रेपन्न, पॅरिसला पन्नास. त्रेपन्नची जागा दुसरीने मिळवली होती म्हणून हिला खाली उतरावे लागले. २०२५ च्या जुलैत ती आई झाली आणि डिसेंबरात पुन्हा खेळणार म्हणून जाहीर केले. आता ती कोणत्या वजनात उतरते ते आम्ही दोघी डोळ्यांत तेल घालून बघणार आहोत.

आमच्या घरात मोठा वजनकाटा होता, पलंगाखाली. तो मी उचलून माळ्यावर टाकला. लेक महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाईंकडे वजन करते. जानेवारीत पाळी आली. तिने स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितले. मी हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली आणि ती करपली. डब्यात आता चारऐवजी पाच पोळ्या जातात, सकाळी अंडे, संध्याकाळी मैदानावर जाण्याआधी शेंगदाण्याचा लाडू. मी स्वतः गुरुवार सोडला. सासूबाईंनी विचारले तेव्हा देवाला सांगितलेय म्हणाले.

कुमारी गटात ती खरेच बाकावर बसली. तीन स्पर्धा बसली. चौथ्या वेळी, घणसोलीच्या सामन्यात, उजव्या कोपऱ्याच्या मुलीचा घोटा मुरगळला आणि हिला शेवटची पाच मिनिटे आत घेतले. समोर वीस वर्षांची बाईच आली चढाईला. आमची पोर पायाला झेपावली आणि तिच्यासकट रेषेपलीकडे ओढली गेली. दुसऱ्या वेळी तिने चवडा धरला आणि सोडला नाही. तो एक गुण. सामना हरले. घरी येईपर्यंत "तो गुण दिसला का? दिसला का?" चालू होते. गुडघा सोललेला, मानेवर केस घामाने चिकटलेले, आणि तिने उभ्या उभ्या तांदळाच्या तीन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचे कालवण संपवले.

वेणी मी टाकायला निघाले होते. सासूबाईंनी हातातून घेतली, रिठ्याने धुतली, सावलीत वाळवली. त्याचे गंगावन करून ठेवणार म्हणाल्या, लग्नात अंबाड्याला लागेल. त्यांच्या पेटीत जरीच्या चोळीखाली ती ठेवली आहे. परवा लेकीने ती पेटीतून काढून स्वतःच्या केसांशी लावून बघितली. केस आता खांद्यापर्यंत आलेत.

"आजी, राहू दे," ती म्हणाली. "पण मला वाढवायचेत की नाही, ते मी अजून ठरवलं नाही."

सासूबाईंनी पेटीला कुलूप घातले आणि किल्ली कनवटीला लावली.